पिंपातला दात

अकोल्याच्या जुन्या शहरात नियाजभाईंच्या अंगणात शिरताना माणसानं आधी खाली बघावं. तिथे जे पडलेलं असतं ते कचऱ्यासारखं दिसतं, आणि तो कचरा नसतो. सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट, नालीतून उपसलेला गाळ, सोनारांच्या बसून बसून गुळगुळीत झालेल्या चटया, हात पुसायची फडकी, एकदा तर एका सोनाराची अख्खी गादी, असं सगळं तिथे आपापली पाळी यायची वाट पाहत पडून असतं. नियाजभाई झारेकरी होते. सोनाराच्या कानशीखाली सोन्याची जी धूळ उडते ती कचऱ्यातून परत काढायची, हा त्यांचा धंदा. त्यांचे वडीलही तेच करायचे. लोकांना हा धंदा ठाऊक नसतो. ठाऊक झाला की हसू येतं, आणि हसून झालं की ते विचारतात, "किती सापडते हो?" नियाजभाई म्हणत, "सापडते." यापलीकडे त्यांनी कधी कोणाला काही सांगितलं नाही.

धंद्याची रीत ठरलेली होती. चटई असेल तर जाळायची, गाळ असेल तर भिजवायचा. मग परातीत घेऊन, पाणी घालत घालत हलक्या हातानं फिरवायचा. हलकं असतं ते पाण्याबरोबर काठावरून उतरतं, जड असतं ते तळाशी बसतं. शेवटी तळाशी राहिलेल्या मालावर तेजाब ओतायचं. तेजाबानं तांबं जातं, लोखंड जातं, घाण जाते, आणि जे कशानंच जात नाही ते सोनं. तेजाब दिल्याशिवाय माल हातावेगळा करायचा नाही, हे नियाजभाईंच्या अंगात इतकं मुरलं होतं की चहा पिऊन झाल्यावरही ते कपाच्या तळाशी काय बसलं ते बघत.

दुसरी रीत म्हणजे फेकायचं काही नाही. परातीवरून उतरलेलं गढूळ पाणीसुद्धा कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात जायचं. त्यातला गाळ खाली बसायचा आणि काम मंदावलं की पुन्हा धुतला जायचा. त्यांची बायको सितारा लग्न होऊन तेल्हाऱ्याहून या घरात आली तेव्हा नव्या सुनेच्या उत्साहानं तिनं अंगण झाडून केर गल्लीत टाकला होता. सासरे ओरडले नाहीत. ते सुपडी घेऊन बाहेर गेले, सगळा केर भरून परत आणला आणि होता तिथे ओतला. सितारानं त्यानंतर अंगण झाडलं ते विचारूनच.

अशा घरातली त्यांची लेक उज्मा अमरावतीला जाऊन भूगर्भशास्त्र शिकली, आणि शिकून शिकून अखेर पोती भरून माती घरी आणायला लागली. गल्लीत याची बरीच गंमत झाली. नियाजभाईंना त्यात गंमत काय ते कळलं नाही. लेकीनं घराण्याचं नाव राखलं, असं त्यांचं मत होतं. एकच गोष्ट त्यांना खटकायची. तिला मातीतून सोनं नको होतं, दात हवे होते.

"कोनाचे दात?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. सितारा तेल्हाऱ्याची, उज्मा मराठी शाळेतली आणि नियाजभाईंचं आयुष्य सोनारांत गेलेलं, म्हणून घरातलं बोलणं वऱ्हाडीतच व्हायचं.

"माशाचे, अब्बा. शार्कचे. समुद्रातल्या मोठ्या माशाचे."

"मोठ्या माशाचे दात एवढे बारीक?"

"मासा मोठा म्हून सगळेच दात मोठे नसतात. आन तवाचे शार्क लहानही होते."

"तवाचे म्हंजे कवाचे?"

उज्मानं सांगितलं. नियाजभाईंनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. एवढी वर्षं एकदम ऐकली की माणसाला आपल्या उधारीचा वायदाही क्षुल्लक वाटायला लागतो, आणि ते धंद्याला बरं नसतं.

नांदगाव खंडेश्वरकडे केशवराव नावाच्या शेतकऱ्यानं शेवंतीच्या मळ्यासाठी विहीर खणली, तेव्हा काळ्या पाषाणाच्या खाली पोपटी झाक असलेली माती लागली आणि तिच्याखाली पुन्हा काळा पाषाण. म्हणजे एकदा लाव्हा आला, मग बराच काळ तो आलाच नाही, तेवढ्या उसंतीत तिथे पाणी साचलं, गाळ बसला, मासे जगले आणि मेले. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि झाकण बसलं. त्या गाळात उज्माला एक दात मिळाला होता. शार्कचा वाटत होता, पण अर्धा तुटलेला. तो शार्कचा ठरला तर समुद्राचं पाणी कधीतरी इथवर पोचत होतं, असं म्हणायला जागा होती.

"त्याले दात कायले पाहिजे?" सितारा म्हणाली होती. "आमच्या तेल्हाऱ्याचं पानी पिऊन पाहा म्हना तुह्या कॉलेजवाल्याहिले. खारंच आहे."

उज्मानं आईला समजावलं की तेल्हाऱ्याचा खारेपणा पुष्कळ अलीकडचा आणि वेगळ्या कारणाचा आहे. सिताराला ते पटलं नाही, आणि माहेरच्या पाण्याचा विषय म्हणून कोणी ताणलंही नाही.

अडचण अशी होती की अर्ध्या दातावर कोणी पीएचडी देत नाही. उज्माच्या मार्गदर्शक दीपमाला मॅडम यांनी स्पष्ट सांगितलं होतं: पुढच्या बैठकीत समितीपुढे एक तरी अखंड दात ठेव, नाहीतर विषय बदलून गोगलगायी घ्याव्या लागतील. त्याच मातीत गोगलगायींचे शंख रग्गड होते. ते सगळ्यांनाच सापडत, आणि म्हणूनच ते कोणाला नको होते. उज्मानं तीन वर्षं दातांपायी डोळे फोडले होते. ओल्या कुंचल्याच्या टोकानं सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण बाजूला सारत बसायचं, हजार कण सारले की दाताचा एखादा तुकडा. एवढं करून गोगलगायीवर यायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं, आणि ते तिनं कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. नियाजभाईंना मात्र ते दिसत होतं. जेवताना ती भातही कुंचल्यानं सारल्यासारखा सारायची.

त्या पोपटी मातीचं आता एकच पोतं उरलं होतं. केशवरावांची विहीर वरपर्यंत बांधून झाली होती, आणि उपसलेली माती त्यांनी मळ्याच्या रस्त्यावर पसरून वरून ट्रॅक्टर फिरवला होता. रस्ता छान झाला होता.

परीक्षांच्या कामासाठी उज्माला काही दिवस अमरावतीला राहायला जायचं होतं. जाताना तिनं पोतं अब्बांच्या हवाली केलं. तिनं ते कोणाच्याही हवाली केलं नसतं. पण धुण्याच्या कामात अब्बांच्या हाताला तोड नव्हती, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"भिजवा, धुवा, या चाळनीतून काढा. वर राह्यलं ते सावलीत वाळू घाला. बस."

"बस," नियाजभाई म्हणाले.

त्यांनी माती भिजवली. आधी परातीत फिरवून तिचा हलका चिखल उतरवला. तो फेकून द्या असं उज्मा सांगून गेली होती, पण तो त्यांनी सवयीनं पिंपात ओतला. मग चाळणीतून धुवून काढली. चाळणीत जेमतेम दोन मुठी माल राहिला. उन्हं कलेपर्यंत ते त्या दोन मुठींसमोर बसून राहिले. सोनाराचं भिंग डोळ्याला लावून पाहिलं तर प्रत्येक कणाला माती चिकटलेली. उज्मा ही माती सुईनं खरवडत बसायची, मान दुखते म्हणायची, आणि सितारा रात्री तिच्या मानेला तेल चोळायची. नियाजभाईंना लेकीची दया आली. असा अर्धामुर्धा माल हातावेगळा करायची त्यांना लाजही वाटली. त्यांनी तेजाबाची बरणी काढली.

फेस सुरेख आला. फेस येतो म्हणजे घाण जळते, हे ते लहानपणापासून बघत आले होते. इतका फेस तर चटयांच्या राखेलाही येत नाही. किती घाण होती बिचारीच्या मातीत, असं त्यांना वाटलं. शांत झाल्यावर त्यांनी माल स्वच्छ पाण्यानं खळबळून धुतला, पांढऱ्या फडक्यावर वाळवला आणि डबीत भरला. दोन मुठींची अर्धी मूठ झाली होती. सोन्याच्या कामात माल कमी झाला की माणूस खूश होतो.

उज्मा परत आली ती बुधवारी दुपारी. नियाजभाईंनी डबी तिच्या पुढ्यात ठेवली आणि आपण पलीकडे चटई उलगडायला लागले, म्हणजे कौतुक ऐकताना तोंड लपवायला बरं. उज्मानं डबी उघडली, चिमटीत थोडं घेतलं, तळहातावर पसरलं, भिंग लावलं. मग आणखी थोडं घेतलं.

"किती साफ आहे," ती म्हणाली.

"मंग."

"अब्बा, कशानं धुतलं?"

"आधी पान्यानं. मंग तेजाबानं." मग त्यांना वाटलं की लेकीला खर्चाची काळजी असेल. "थोडंसंच लागलं. आपल्या घरचं होतं."

उज्मानं डबीचं झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं म्हणून पुन्हा काढून लावलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. सितारा आतून चहा घेऊन आली, तो तिनं घेतला, पूर्ण प्यायली, कप खाली ठेवला आणि मग शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं की दात हाडाच्याच जातीचा असतो, तेजाबात तो विरघळतो, शंख तर त्याहून लवकर विरघळतात, आणि या डबीत आता गारगोटीची वाळू आहे. फार चांगली वाळू आहे. असं साफ काम तिच्या कॉलेजातही कोणी करत नाही.

नियाजभाईंच्या हातातली चटई तशीच राहिली. त्यांनी आयुष्यात एकदाही सोनाराचा कणभर माल बुडवला नव्हता. आणि बुडवला तो पोटच्या पोरीचा, तोही तिची मान दुखू नये म्हणून. त्यांना इतकं वाईट वाटलं की ते उठून नळावर गेले आणि धुतलेले हात पुन्हा धुऊ लागले.

"तुमी पोरीले विचारलं काहून नाई?" सितारा म्हणाली.

"मले वाटलं, आपल्याले येते हे काम."

येत होतं खरं.

संध्याकाळी उज्मा दीपमाला मॅडमना फोन करून सगळं सांगत होती. नियाजभाई खाटेवर बसून ऐकत होते. 'तेजाब' या शब्दाशी आली की ती आवाज खाली घ्यायची, म्हणजे बापाला लागू नये, आणि त्यामुळे तो शब्द कुठे कुठे येतो ते त्यांना बरोबर कळत होतं. मॅडमनी विचारलं असावं की नमुन्यातलं दुसरं काही शिल्लक आहे का. उज्मा म्हणाली, नाही. नियाजभाई खाटेवरून उठले.

"आहे."

"काय आहे?"

"तू फेकाले सांगतलं होतं थो चिखल. म्या नाई फेकला." त्यांनी कोपऱ्याकडे हात केला. "पिंपात आहे."

पुढचे कितीतरी दिवस त्या घरात दुसरं काम झालं नाही. सराफ्यातल्या दोन दुकानांची झाडलोट तशीच पडून राहिली आणि सोनारांनी निरोपावर निरोप पाठवले. पिंप तळापर्यंत उपसलं. उज्मा चाळायची, सितारा वाळवायची आणि नियाजभाई डोळ्याला भिंग लावून, हातात उज्माचा कुंचला धरून कण सारायचे. तो कुंचला हातात घेताना त्यांनी आधी विचारलं, घेऊ का. आयुष्यात पहिल्यांदा ते सोनं सोडून दुसरं काही शोधत होते. त्या गाळात सोन्याचे कणही दिसत. ते ते बाजूला सारत, आणि सारताना त्यांना कसंतरीच व्हायचं.

दात त्यांनाच सापडला. मोहरीपेक्षाही लहान, काळसर तपकिरी, चकाकता. मध्ये एक उभा सुळा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे सुळे, खाली दोन पायांसारखं फाकलेलं मूळ. कुठेही तुटलेला नाही. नियाजभाईंनी श्वास रोखून धरला, कारण श्वासानं तो उडाला असता. मग कुंचल्याच्या टोकावर उचलून उज्मासमोर धरला.

उज्मानं पाहिलं आणि ती खाली बसली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सितारानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारी खीर पाठवावी का असं विचारलं.

"आताच नको, अम्मी," उज्मा म्हणाली.

कारण कळलं ते दुसऱ्या दिवशी. दात काचेच्या नळीत बसला आणि नळीवर चिठ्ठी लावायची वेळ आली. नियाजभाईंनी ती अक्षर अक्षर लावून वाचली. 'शार्कचा दात, अखंड. सापडल्याचे स्थळ: गाळाचे पिंप, जुने शहर, अकोला. मूळ स्थळ: अनिश्चित.'

"नांदगाव लिव ना."

"नाई लिवता येत, अब्बा. पिंपात सराफ्याचा गाळही होता."

"सराफ्यात कोठचा आला शार्क?"

"नसंल आला. पन ते मले सिद्ध कराव लागते."

"नांदगाव लिवलं तं कोनाले समजते?"

"मले समजते."

नियाजभाईंच्या धंद्यात सोन्याला पत्ता विचारत नाहीत. नालीतून निघालेला कण कोणाच्या बांगडीचा होता, कोणाच्या मंगळसूत्राचा होता, काही फरक पडत नाही, भाव एकच. आणि लेकीच्या धंद्यात पत्ता नसेल तर अखंड दातही गारगोटीच्या बरोबरीचा. असा धंदा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो अवघड आहे, एवढं त्यांनी मनात मान्य केलं.

मॅडमनी यातून एक वाट काढली होती. पिंपात काय काय जातं ते पिंपाच्या मालकालाच ठाऊक. तेव्हा त्यांनाच समितीपुढे आणा. सराफ्याच्या गाळातून असली वस्तू येत नाही असं त्यांनी सांगितलं, आणि समितीला पटलं, तर दात नांदगावचा मानता येईल.

"तुमाले विचारतील," उज्मा बापाला म्हणाली. "जे आहे ते सांगा."

"सांगतो की. त्यात काय."

बैठकीच्या दिवशी दोघं सकाळच्या एसटीनं निघाले. उज्माच्या मांडीवर दाताची पेटी होती. नियाजभाईंनी ईदचा कुर्ता घातला होता आणि मनातल्या मनात ते पिंपाचा हिशोब लावत होते. झाडलोट. चटयांची राख. फडक्यांची राख. नालीचा गाळ. मूर्तिजापूर आलं, गेलं. नालीच्या गाळात काय असतं? माती, केस, भुसा, लाखेचे तुकडे, फुटके मोती, पोवळ्याचा चुरा. मोती आणि पोवळं समुद्राचंच, पण ते दात नव्हेत. आणि बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांना ताईत आठवले.

मागच्या वर्षी एका सोनारानं लहान मुलांसाठी चांदीचे ताईत काढले होते. दात येताना मुलांना ताप येऊ नये म्हणून त्यात माशाचा दात बसवायचा. कोणी फिरता फेरीवाला कोकणाकडून ते दात पिशवीभर घेऊन आला होता. ताईत थोडे दिवस चालले, मग कोणी घेईना, आणि उरलेली पिशवी सोनाराच्या नोकरानं नालीत झटकली. ते दात नियाजभाईंच्या परातीत आले होते. मोठे होते, नखाएवढे, पांढरे. त्यांनी ते पाहिले, सोनं नाही म्हणून पाण्याबरोबर उतरवले. आणि फेकायचं काही नाही म्हणून ते पिंपात गेले. पिंप उपसताना उज्माच्या चाळणीत ते दिसले नव्हते. कुजले असतील, किंवा मागच्या उन्हाळ्यात धुताना कोठे गेले असतील. पण गेले पिंपातच होते.

नियाजभाईंनी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा हात पेटीवर होता. त्यांनी काही सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही तर सांगायचं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. अमरावती येईपर्यंत ते हेच समजावत राहिले.

समितीत चौघं होते. दीपमाला मॅडम होत्या, कॉलेजातले दोघं होते आणि पुण्याहून आलेले एक वयस्क साहेब होते. साहेबांनी दात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि 'सुंदर' म्हणाले. मग चिठ्ठी वाचली. ती त्यांनी दोनदा वाचली.

"गाळाचे पिंप," ते म्हणाले.

"हो सर," उज्मा म्हणाली. तिनं सगळं सांगितलं. तेजाबाशी आल्यावर ती म्हणाली, "नमुना माझ्या हातून नष्ट झाला."

"नाई," नियाजभाई मागच्या खुर्चीवरून म्हणाले. "माह्या हातून झाला. थे इथं होती, अमरावतीले. तेजाब म्या टाकलं."

उज्मा मागे वळली नाही. साहेबांनी त्यांना पुढे बोलावलं, खुर्ची दिली आणि पिंपात काय काय जातं ते विचारलं. नियाजभाईंनी सांगितलं. झाडलोट, राख, गाळ, केस, लाख, मोती, पोवळं. साहेब कागदावर टिपत होते.

"आणि दात? कोणत्याही माशाचे दात सराफ्यातून कधी तुमच्याकडे आले आहेत?"

खोलीत पंखा फिरत होता. दीपमाला मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या, आणि उत्तर काय येणार याची त्यांना खात्री होती. नाही म्हणायला एक शब्द लागणार होता. लेकीची तीन वर्षं वाचली असती, आपण केलेली माती सावरली असती, आणि जगात कोणालाही कधी कळलं नसतं. सोनाराला ताईत आठवणार नव्हते, नोकर काम सोडून गेला होता. 'नाही' नियाजभाईंच्या जिभेवर येऊन बसलं. तेवढ्यात त्यांची नजर नळीवर गेली. लेकीनं आपल्या हातानं, आपल्याच विरुद्ध, 'अनिश्चित' लिहिलं होतं.

"आले होते," ते म्हणाले, आणि ताईतांची हकीकत सांगितली.

"ते मोठे होते म्हणता. त्यात बारीकही असतील का?"

"तवा मी दाताकडे पाहत नव्हतो साहेब. सोन्याकडे पाहत होतो. असतील तं मले दिसले नसतील."

साहेबांनी टिपणं थांबवलं. "ते पांढरे होते. हा काळा आहे. उज्मा, रंगावरून काही म्हणता येईल?"

उज्मा म्हणाली, "नालीच्या गाळात पडून राहिलेला दातही काळा पडतो, सर."

"बरोबर," साहेब म्हणाले.

यापुढे फार काही झालं नाही. दात समितीनं ग्राह्य धरला नाही. विषय गोगलगायींचा ठरला. तीन वर्षांची धुलाईची मेहनत तिकडे वळवता येईल, असं दीपमाला मॅडमनी लिहून घेतलं, आणि त्या भागात पुन्हा कुठे विहीर खणली तर दातांचं काम कधीही परत सुरू करता येईल, हेही त्यांनी जोडायला लावलं. निघताना साहेब नियाजभाईंना म्हणाले, "तुमच्या मुलीचं काम मी पुढेही वाचणार आहे." नियाजभाई म्हणाले, "वाचा."

परतीच्या एसटीत उज्माला झोप लागली. बडनेरा मागे पडल्यावर ती जागी झाली.

"ताइताचं तुमाले कवा आठवलं?"

"जाताना. इथंच."

"मले सांगतलं काहून नाई?"

"तू पेटी धरून बसली होती."

बरंच पुढे गेल्यावर तिनं पेटी उघडली, नळी काढली आणि बापाच्या हातात दिली.

"हे ठेवा तुमच्यापाशी. याचा पत्ता तुमचाच आहे."

नियाजभाईंनी आयुष्यभर जे जे शोधलं ते दुसऱ्या दिवशी सोनाराच्या काट्यावर गेलं होतं. स्वतःच्या घरात ठेवायला त्यांना कधी काही सापडलं नव्हतं. त्यांनी नळी कुर्त्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि अकोला येईपर्यंत खिशावर हात ठेवून बसले. तिकीट तपासनीस आला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिकीट दाखवलं.

महिनाभरानं केशवरावांच्या शेजारच्या मळ्यात बोअर मारली. पोपटी माती थोडीशीच निघाली, एका पोत्याला जेमतेम पुरेल एवढी, आणि केशवरावांनी स्वतः ती एसटीत घालून पाठवली. नियाजभाई अंगणात चटई जाळत होते. उज्मानं पोतं आणलं, त्यांच्या परातीशेजारी उभं केलं आणि वर चाळणी ठेवली.

"मले उद्या अमरावतीले जाव लागते. धुऊन ठेवसान?"

नियाजभाईंनी पोत्याकडे पाहिलं.

"गोगलगाईले तेजाब चालते का?"

"नाई."

"इतकंही नाई?"

"थेंबभरही नाई, अब्बा."

"बरं," ते म्हणाले.

उज्मा गेल्यावर त्यांनी तेजाबाची बरणी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि तीन गल्ल्या पलीकडे भावाकडे, गुलफामकडे, नेऊन ठेवली. गुलफामनं विचारलं, हे इकडे कशाला आणलं. नियाजभाई म्हणाले, पोरीची माती धुवायची आहे, तोवर इकडेच राहू दे, आणि मी मागायला आलो तरी देऊ नको.